अराबासाठी विझवलेल्या भट्ट्या

आमच्या गल्लीत बाईला नवऱ्याच्या नावाने कोणी ओळखत नाही, मासळी धुरावर सुकवायच्या भट्टीच्या नावाने ओळखतात. अराबा ओतुवाची भट्टी गल्लीच्या तोंडाशी, समुद्राकडून पहिली. माझी तिच्या पाठीला पाठ लावून. माझं नाव मान्सा. अराबाशी माझं तीस-एक वर्षं पटलं नाही आणि तिच्यावाचून एक दिवस करमलं नाही.

ती आमची कोंकोहेमा, म्हणजे मासळीवाल्या बायकांची पुढारीण. होड्या किनाऱ्याला टेकल्या की पहिला भाव तिने पुकारायचा, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. नावाडी तिला टरकून असत. एकदा एकाने टोपलीच्या तळाला शिळी तारली घालून वर ताजी रचली, तर हिने टोपलीला हातही न लावता लांबूनच नाक वर केलं आणि म्हणाली, "खालच्या तुझ्या आईला नेऊन दे, ती आंधळी झालीय." नाक तिचं असं होतं. धुरीला लावलेल्या जाळीकडे पाठ करून मक्याचे केंके खात बसायची आणि मध्येच ओरडायची, "उलट गं, करपल्या!" आणि खरंच करपायला आलेल्या असायच्या.

त्याच नाकाने तिने तिचं आयुष्य आत ओढलं. नारळाच्या सोडणांचा धूर, ओल्या लाकडाचा धूर, उसाच्या चिपाडांचा धूर. नऊ वर्षांची असताना आईने भट्टीपाशी उभी केली, तिथून ती हललीच नाही. आधी चढ चढताना थांबायला लागली. मग भाव पुकारताना आवाज मध्येच तुटायला लागला, आणि ते लपवायला ती ग्राहकाकडे रागाने बघत उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाई फारच कडक आहे. मला कळत होतं की तिचा श्वास भरायचा राहिलाय.

केप कोस्ट शहरातल्या डॉक्टरने विचारलं, "सिगारेट किती वर्षं ओढता?"

"मी कधीच नाही," अराबा म्हणाली. "माझ्या तारल्यांनी ओढल्या."

डॉक्टर हसला नाही. फुप्फुसं आतून झिजलीत, गेलेली परत येणार नाहीत, उरलेली सांभाळा, असं त्याने सांगितलं. दोन इनहेलर दिले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, निळा दम लागेल तेव्हा. निळ्यावर तिचा जीव जडला. तपकिरीचा काही गुण जाणवत नाही म्हणून ती त्याला नवरा म्हणायची. "घरात असतो, एवढंच. हाक मारल्यावर धावत येतो तो निळा." तिची मुलगी एकुवा रोज तिच्यामागे लागून तपकिरी घ्यायला लावायची. नंतर अराबाच्या ताकोरादीतल्या भावाने नेब्युलायझर पाठवला. डब्यात औषध घालायचं, तोंडाला मास्क लावायचा, यंत्र घुरघुरायचं आणि औषधाचं धुकं होऊन छातीत जायचं. पहिल्यांदा ते बघायला अर्धी गल्ली आली होती.

यंदाच्या मासेमारी-बंदीच्या महिन्यात, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असताना, अराबा अशी सुधारली की माझाच विश्वास बसेना. चर्चमध्ये उभी राहून गायली. माझ्याशी भांडताना न थांबता तीन वाक्यं बोलली. सगळ्या म्हणाल्या, यंत्राने बरी केली. मी आकाशाकडे बघत होते. महिनाभर आमच्या डोक्यावर धूर नव्हता, हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं. डॉक्टरने मात्र निघताना एकुवाला बाजूला घेऊन सांगितलं होतं: आता एक मोठा झटका आला तर तो शेवटचा धरा. तिला धुरात ठेवू नका.

अराबाने भट्टी एकुवाच्या हाती दिली आणि स्वतः आतल्या खोलीत बसायला लागली. भावाने ताकोरादीला बोलावलं तर म्हणाली, हंगामात कोंकोहेमा किनारा सोडून गेली तर परत येईपर्यंत दुसरी बसलेली असेल. भट्टी सोडली म्हणजे धूर सुटतो थोडाच! आमच्या भिंतींना भिंती, छपरांना छपरं. तुझ्या घरचा धूर माझ्या घरी जेवायला येतो.

समुद्र उघडला आणि तारली आली. अशी आली की म्हाताऱ्यांनाही आठवेना. मंगळवारी कोणी समुद्रात जात नाही, तो समुद्रदेवाचा दिवस. बुधवारी गेलेल्या होड्या काठोकाठ भरून आल्या, बुडतात की काय अशा. सगळ्या आनंदाने ओरडत होत्या, आणि मला कसंसंच होत होतं, कारण वारा पडला होता. होड्यांच्या पताका दोरीवर चिकटून राहिल्या होत्या. गल्लीतली प्रत्येक भट्टी पेटली. धूर वर गेला, छपरांपर्यंत पोचला आणि तिथेच बसला. मग हळूहळू खाली उतरायला लागला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा एकुवा धावत माझ्याकडे आली. "मावशी, आईकडे या. लवकर या."

अराबा टेबलावर दोन्ही कोपर रोवून बसली होती. खांदे वर-खाली होत होते, मानेच्या शिरा टरारल्या होत्या, ओठ जांभळे पडले होते. निळा इनहेलर रिकामा होऊन पायाशी पडला होता. मास्क तोंडावर होता, यंत्र चालू होतं, धुकं निघत होतं, तरी छाती उघडत नव्हती. यंत्राच्या बाजूला हवा ओढून घेणारं एक छोटं भोक असतं, त्यात स्पंजचा बोळा. एकुवाने तो सकाळीच बदलला होता. मी तो काढून बघितला, तर चुलीतल्या कोळशासारखा काळा. यंत्र खोलीतलीच हवा ओढत होतं. औषधाबरोबर धूरही तिच्या छातीत कोंबत होतं.

"कोबिनाला फोन केला," एकुवा रडत म्हणाली. "त्याची टॅक्सी बाजाराला मासे घेऊन गेलीय. सगळ्याच गाड्या गेल्यात. संध्याकाळी येतो म्हणाला."

संध्याकाळ ह्या बाईला दिसणार नव्हती. तिला हवा पाहिजे होती, आत्ता, आणि गल्लीत हवा नव्हती.

माझी भट्टी मी आधी विझवली. त्याने काय होणार? समुद्रातून तांब्याभर पाणी काढल्यासारखं. मग मी दारोदार फिरले. बादूवा आजी आमच्यात सगळ्यात म्हातारी, तिच्या शब्दाला वजन. तिला म्हटलं, "आजी, दोन तास विझवा गं. अराबाचा जीव चाललाय."

"आणि हे?" तिने जाळ्यांकडे हात केला. "तारली कोणासाठी थांबते का, बाई? दोन तासांत सगळी आंबेल. वर्षभर पोरं काय तुझं तोंड खातील?"

एवुरासी तर खरंच रडली. रडत रडत लाकूड सारत राहिली. "तिला माझ्याकडे आण हवं तर," म्हणाली, आणि तिच्या घरात तर समोरचा माणूसही दिसत नव्हता. वाईट कोणीच नव्हती. प्रत्येकीच्या जाळीवर वर्षाचं पोट पसरलेलं होतं. असंच असतं, म्हणून तर भीती वाटते.

मी परत आले. अराबाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. मास्क बाजूला केला.

"कोंकोहेमा... मेली... की?"

आधी मला उमजलंच नाही. मग ध्यानात आलं. आमच्या गल्लीचा रिवाज आहे. कोंकोहेमा गेली की त्या दिवशी प्रत्येक भट्टी विझते, जाळीवर काय आहे ते कोणी बघत नाही. मागची गेली तेव्हा टोपल्याच्या टोपल्या समुद्रात परत ओतल्या होत्या.

"आई, असं अभद्र बोलू नकोस!" एकुवाने कान झाकले.

"तू... नको." अराबाने माझ्याकडे बोट केलं. "हिचा... गळा... मोठा."

जिवंत माणसाचं मरण पुकारलं की मरण पत्ता विचारत येतं, असं आमच्यात म्हणतात. पण ते तर आधीच उंबऱ्यावर बसलं होतं, त्याला पत्ता कशाला पाहिजे! मी डोक्याचं फडकं ओढून काढलं, गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि हंबरडा फोडला. "गेली गं! अराबा ओतुवा गेली! आपली आई गेली!" आवाज खोटा काढायला लागला नाही. तो माझ्या आत तयारच होता.

मग बादूवा आजीने स्वतः बादली उचलली आणि आपल्या भट्टीवर उपडी केली. एकामागून एक सगळ्या चुरचुरल्या. वाळू पडली, पाणी पडलं. आधी अशी दाट वाफ उठली की मला वाटलं, झालं, मीच मारली तिला. मी आत धावले आणि ओलं फडकं तिच्या तोंडापुढे धरून बसले. ती माझा दंड धरून होती, तिची नखं रुतत होती.

मग छताच्या फटीतून उजेड दिसला. एकुवाने यंत्रात शेवटचा कोरा स्पंज बसवला, नवीन औषध घातलं. घुरघुर सुरू झाली. थोड्या वेळाने नखं सैल पडली. ओठांचा जांभळा रंग उतरायला लागला. मी देवाचं नाव घेतलं आणि बाहेर पावलं ऐकू आली.

त्या तिला आंघोळ घालायला आल्या होत्या. पांढरी कापडं, साबण, बादल्या. एवुरासी सगळ्यात पुढे, आणि अराबाने मास्कवरून तिच्याकडे बघितलं तशी ती बादलीसकट खाली बसली. कोणी किंचाळली, कोणी येशूला हाक मारली. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मागे जाळ्यांवर तारली आंबत पडली होती, प्रत्येकीला ते आठवत होतं.

बादूवा आजी पुढे आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "कोंकोहेमासाठी भट्ट्या एकदाच विझतात, अराबा. तुझ्या विझवून झाल्या. उद्या तू खरीच गेलीस तर एक काडीसुद्धा विझणार नाही. धुरातून नेऊ तुला."

अराबाने मास्क काढला. "न्या," ती म्हणाली. पूर्ण श्वास घेऊन म्हणाली. "मेल्यावर मला हवा कशाला?"

राग सगळ्यांना होता, पण निघून जायला जागाही नव्हती, कारण जायचं ते विझलेल्या भट्टीपाशीच. सगळ्या तिथेच खाली बसल्या. आमच्या गल्लीत हंगामाच्या दुपारी एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लाकडांचा तडतडाट नाही, भाव नाही, भांडण नाही. त्या शांततेत एवुरासी खोकली. मग दाराशी कोणी. मग शेजारच्या घरातून, मग पलीकडच्या. बादूवा आजी काही बोलायला गेली आणि वाक्य तिच्या छातीत अडकून खोकला बाहेर आला, बराच वेळ. गल्लीच्या त्या टोकापर्यंत घराघरांतून तो ऐकू येत होता.

आणि परसातून एक. कोरडा, बारीक, दोनदा.

अराबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. यंत्र बंद केलं. परत ऐकलं.

"एकुवा," तिने हाक मारली. "हे कधीपासून?"

एकुवा हात पुसत दारात आली. तिला बावीसावं लागलंय. "काही नाही गं आई," ती म्हणाली. "धुराने होतं."

मी दाराबाहेर बघितलं. वस्तीपासून समुद्रापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं.