थांबणारा राक्षस

सुक्या बोंबलाचा आणि मिठाचा एक वास अजून माझ्या नाकात आहे. त्या वासाआड माझं एक खोटं दडलेलं आहे, आणि ते मी आजवर कुणापाशी, अगदी घरातही, बोललेलो नाही.

नव्वदच्या दशकात मी आणि किनाऱ्यावरच्या नवापूरचा मासेमार जनू बोईसरच्या एका कारखान्यात एकाच खात्यात होतो. होडीवर दोरात सापडून त्याचा उजवा अंगठा कायमचा ताठरला, समुद्र सुटला, आणि तो पॅकिंगला आला. रविवारी दुपारी तो सालवडच्या माझ्या खोलीवर यायचा; त्याच्या कपड्यांना घरी वाळत घातलेल्या बोंबलांचा खारट वास असायचा. आम्ही टीव्हीला जोडलेल्या गेमसमोर मांडी घालून बसायचो. त्यातलं युद्ध पाळीपाळीचं होतं: आधी आपण वार करावा, मग राक्षसाने, आणि आपला निर्णय होईपर्यंत त्या अजस्र जीवाने ध्यानस्थासारखं जागच्या जागी डुलत राहावं. इंग्रजी पर्याय मी वाचून दाखवायचो. जनू विचार करून डाव्या तर्जनीने सावकाश बटण दाबायचा. ही लढाई नव्हे, रेशनची रांग आहे, असं मी चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "ह्यो राकस शाना हाय. आपल्या सुपरवायझरपरीस बरा. माजा हात उचलेपर्यंत थांबतो तरी."

मला मात्र वेगाचा मोह. शत्रू अंगावर धावून यावा, बोटांनी विजेसारखं उत्तर द्यावं, श्वासालाही उसंत नसावी! तारुण्याला थांबणं म्हणजे हरणंच का वाटतं? बोईसरच्या दुकानात गेमची जुनी कॅसेट देऊन दुसरी घेण्याची पद्धत होती. खेळ जिथवर आला ती जागा कॅसेटच्या पोटातच जतन व्हायची, हे मला ठाऊक होतं. तरीही, जनूने पावसाळाभर खेळून शेवटच्या किल्ल्याच्या दारापर्यंत आणलेली ती कॅसेट मी एका शनिवारी देऊन टाकली आणि धावत्या लढाईची घेऊन आलो. त्याला सांगितलं, जुनी बिघडली.

त्याने शंका घेतली नाही. नव्या खेळात त्याचं बोट बटणापाशी पोहोचेतो त्याचा वीर तीनदा मेला. मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "तू खेळ. आमी बगतो."

दोन रविवार त्याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. जुनी कॅसेट परत मागायला मी दुकानात धावलो, तर दुकानदार वर न बघता म्हणाला, "वो तो कब की गई." खात्यात आमचं बोलणं राहिलं, पण कामापुरतं.

आज मुलाच्या कॉम्प्युटरवर मी पाळीपाळीचेच खेळ शोधतो, आणि मंद डुलणारा शत्रू समोर आला की शेजारी एकाची जागा मोकळी ठेवून नकळत सरकून बसतो. सामर्थ्य असूनही दुसऱ्याचा हात उठेपर्यंत थांबणं, ही केवढी थोर सभ्यता! ती त्या चित्रातल्या राक्षसापाशी होती, माझ्यापाशी नव्हती.

जनू अजून नवापूरलाच असतो. बोईसरहून तिथे रिक्षा जाते. कॅसेट बिघडली नव्हती, मी ती बदलली, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला लागतो.