गाडीमागची काळी शेपटी

अगं, कागदावरून का होईना, जरा जवळ ये. आणि आधी तुझा कान धरू दे. परवा फोनवर मी म्हटलं की नातीच्या गेमसाठी नवा मॉनिटर आणला, तर तू हसत सुटलीस. अक्का, ह्या वयात तुला काय झालंय, म्हणालीस. धाकटी म्हणून सोडून दिलं. हुबळीत बसून हसायला तुझं काय जातं? तुझी नातवंडं सकाळ-संध्याकाळ तुझ्या पायांत लुडबुडतात. माझी एकुलती एक नात दर शनिवारी माझ्याकडं यायची, आणि तो शनिवार विहीणबाईंनी उचलून नेला. हे तुला कुणी सांगितलं नाही ना? मग ऐक.

तिच्या घरी आमच्या सूनबाईंचा नियम आहे, अभ्यासाच्या खोलीत गेम नाही. म्हणून मुलाचा जुना कॉम्प्युटर इथं म्हैसुरात, अग्रहारातल्या माझ्या पुढच्या खोलीत. वाढदिवसाच्या पैशांतून तिनं त्यात गेमसाठी लागतं ते ग्राफिक्स कार्डही बसवून घेतलं. शनिवारी दुपारी जेवून आली की गाड्यांची शर्यत लावायची. घाटातले रस्ते, वळणावर वळण. त्यात काय होतं सांगू, पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा नकाशा असतो. गाडी हाकताना तिचं तिकडं लक्ष जात नाही. ते काम माझं. तिच्या शेजारी खुर्ची टाकून मी नकाशा बघायची आणि पुढचं वळण सांगायची. डावं आलं की "एडक्के", उजवं आलं की "बलक्के". जन्मभर ऑटोवाल्यांना वाट सांगत आले, तेच शब्द तोंडात बसलेत. मी म्हटलं की ती वळायची. मान वर करून विचारायची नाही, खरंच का आज्जी म्हणून. सून सांगते ते ती तीनदा विचारते, माझं मात्र ऐकते. ह्याचा मला केवढा माज होता, तुला काय सांगू.

आणि एक शनिवार ती आलीच नाही. दुसराही गेला. मुलाला विचारलं तर म्हणाला, ती दुसऱ्या आजीकडं जाते हल्ली. तिथं तिच्या मामानं परदेशी जाताना आपला गेमचा मॉनिटर ठेवलाय. मी नातीला फोन लावला. ती बिचारी गडबडली. "तुझ्याकडं गाडी अडखळत जाते गं आज्जी. तिथं एकदम स्मूथ चालते, लोण्यासारखी," म्हणाली.

लोण्यासारखी! माझ्या हातचं लोणी खाऊन वाढलेली ही पोरगी.

विहीणबाई तुला माहीत आहेत. लग्नात त्यांच्या नऊवारीकडं तूच टक लावून बघत होतीस. पुण्याकडून नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आल्या त्याला वीस वर्षं होत आली, पण अजून कन्नड येत नाही ते कौतुकानं सांगतात. आणि मी दोन वाक्यं बोलले की हसून म्हणतात, तुमचं म्हैसूरचं मराठी ऐकायला किती गोड वाटतं हो. गोड म्हणे. आपण इथं चार पिढ्या मराठी बोलतोय, ते ह्यांना ऐकायला गोड वाटावं म्हणून? बरं, तेही सोड. त्यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. नात पडद्यापुढं, ह्या शेजारी, हात तिच्या खांद्यावर. खाली लिहिलं, आमचा शनिवार. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. खुर्ची माझ्या खुर्चीहून चांगली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी उठले आणि लष्कर मोहल्ल्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन मॉनिटर लावून दाखवले, दोन्ही गेमचे, म्हणाला. आता तूच सांग, आपण कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या घरातल्या. वडिलांनी आपल्याला काय शिकवलं? रंग दिव्याखाली बघायचा नाही, उंबऱ्यात उजेडाला धरून बघायचा. मी त्या माणसाला दोन्ही मॉनिटर दाराशी आणून लावायला लावले. तो कुरकुरला, पण अम्मा म्हणत म्हणत आणले. एकावर लाल असा की मंजिष्ठेच्या रंगातल्या पहिल्या बुडीचा, आणि काळा म्हणजे काळाच, खोल विहिरीसारखा. दुसरा फिका, बाजूनं बघितलं तर धुवट. दुकानदार त्या फिक्याचंच नाव घेत बसला. तो गाडीच्या शर्यतीला चपळ आहे, हा रंगाला छान पण अंधाऱ्या जागी जरा सुस्त, असं काहीतरी. मी मनात म्हटलं, विटलेला माल म्हातारीच्या गळ्यात मारतोस काय? गडद तो घेतला. वर नवी वायरही नको म्हटलं, घरी जुनी आहे. घरी येऊन माझी मीच जोडली. कॉम्प्युटरच्या डब्यामागं सारखीच दोन भोकं होती, एक वर, एक खाली. वरचं हाताला लागलं, त्यात खुपसली. पडद्यावर चित्र आलं. मला वाटलं, जिंकले.

नातीला बोलावलं. आली. बघून डोळे मोठे केले, मला मिठी मारली. शर्यत लावली आणि मी नकाशाकडं बघायचं सोडून तिच्या तोंडाकडं बघत होते. गाडी पूर्वीसारखीच अडखळत होती, उलट जास्तच. आणि बोगद्यात शिरली की गाडीमागं एक काळी शेपटी घसटत यायची, ओल्या कापडावर रंग पसरतो ना तशी. नातीनं एक शर्यत संपवली, मग म्हणाली, रंग फार छान आहेत आज्जी. मग पाणी मागितलं, मग अभ्यास आठवला.

ती वाईट म्हणाली असती तर बरं झालं असतं बघ. पुढच्या शनिवारी पुन्हा तिकडंच.

मग मला राहवेना. विहीणबाईंचा एक स्टीलचा डबा माझ्याकडं राहिला होता. त्यात चकल्या भरल्या, ऑटो केली आणि शनिवारी दुपारी रिंग रोडपलीकडं त्यांच्या दारात हजर. डबा द्यायला आले म्हटलं. सुम्मने, सहजच, दुसरं काही काम नाही. विहीणबाईंनी या या करून आत नेलं. नात कानाला हेडफोन लावून खेळत होती, मी आलेली तिला कळलंही नाही.

मी मागं उभी राहून आधी त्यांचा पडदा बघितला. आणि काय सांगू, मनातून हसले. अगदी फिका! लाल म्हणजे वीट. काळा म्हणजे राख. दुकानातल्या त्या दुसऱ्याचाच भाऊ. हा माल असा दारात कुणी ठेवला असता तर वडिलांनी उचलून आत टाकायला लावला असता.

पण मग गाडी वळली. अगं, पाण्यावरून पान जातं तशी गेली. झाडं मागं पळाली ती एकेक वेगळी दिसली. बोगदा आला, गेला, मागं काहीही राहिलं नाही. रंग माझ्याकडं होता आणि चाल त्यांच्याकडं, आणि पोरीला चालच हवी होती.

विहीणबाई शेजारच्या खुर्चीत होत्या, फोटोतल्याच. पण हातात शब्दकोड्याचं पान. नातीनं हेडफोन एका कानावरून सरकवून विचारलं, आजी, पुढं कुठं? त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं मला कुठं कळतंय त्यातलं." तोवर वळण आलंच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "एडक्के."

ती वळली. मागं न बघता, कोण बोललं न विचारता. मग गाडी तशीच सोडून गर्रकन फिरली, "आज्जी!" म्हणाली, आणि गाडी दरीत.

विहीणबाईंनी शब्दकोडं मिटलं. "माझं काही असं ऐकत नाही ही," म्हणाल्या. आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. दोन महिने तेच पोटात घेऊन मी हिंडत होते, मला ओळखू येणार नाही तर कुणाला?

मग मी विचारूनच टाकलं, माझ्या मॉनिटरला झालंय काय. नात खाली बघत म्हणाली, तू एवढ्या हौसेनं आणलास, कसं सांगायचं? त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर ऑटोत बसून आली. वाटेत नवी वायर घेतली. कॉम्प्युटरचा डबा ओढून मागं बघितलं आणि कपाळाला हात लावला. वरचं भोक कॉम्प्युटरचं साधं, खालचं तिच्या ग्राफिक्स कार्डाचं. मी वरच्यात खुपसून त्या कार्डाला सुट्टीच दिली होती. वायर खाली गेली. मग सेटिंग उघडून साठाचा आकडा एकशे चव्वेचाळीस केला. म्हणजे पडदा सेकंदाला तेवढ्या वेळा नवं चित्र घेतो. तो घेऊ शकत होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गेममधल्या झाडांच्या सावल्या कमी केल्या, जुन्या कॉम्प्युटरला तेवढी चित्रं काढायला दम लागू नये म्हणून. गाडी धावली गं, खरोखर धावली.

शेपटी मात्र राहिली. त्याला मॉनिटरच्या मागच्या बटणात एक पायरी-पायरीचं सेटिंग आहे. ती म्हणाली, "आज्जी, मी चालवते, तू बघ. तुझे डोळे." एक पायरी चढवली, शेपटी आखडली. दुसरी चढवली, आणखी आखडली. तिसरीला शेपटी गेली, पण गाडीच्या कडेला पांढरी रेघ फुटली. मी म्हटलं, थांब, तुरटी जास्त झाली. तुरटी वाढली की रंग कडेनं फुटतो, आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या पायरीवर ठेवलं. उजेडातल्या रस्त्यांवर आता काही दिसत नाही. बोगद्यात आणि रात्रीच्या शर्यतीत थोडीशी शेपटी राहतेच, ती त्या पडद्याच्या जातीतच आहे म्हणे.

म्हणून आता गेममधल्या दिवसाच्या शर्यती माझ्याकडं आणि रात्रीच्या विहीणबाईंकडं. एक शनिवार इकडं, एक तिकडं. बरं झालं म्हणशील तू. नाही झालं. रात्रीच्या शर्यती लांबलचक असतात, सावकाश चालतात, मध्ये गप्पा होतात. आणि कळलं का, विहीणबाई नकाशा वाचायला शिकतायत. काल फोन करून म्हणाल्या, पुढच्या तुमच्या शनिवारी मी पण येते, तुम्ही वळणं कशी सांगता ते जवळ बसून बघते. वर विचारतात, एडक्के म्हणजे डावं ना?

नातीशेजारी माझी एक खुर्ची, आणि दुसरीला जेमतेम जागा आहे. ती कुणीतरी आधीच धरून बसायला हवी. तेव्हा हसणं पुरे, हुबळीहून सकाळच्या गाडीनं नीघ, आणि शनिवारच्या आत ये.