लंकाबाईंचं आज्ञाधारक पोट

निफाडच्या लंकाबाईंच्या ओटीपोटात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनपासून कळ होती. द्राक्षाचे घड विरळायला हात वर केला की जीव कासावीस. सात वर्षं सोनोग्राफी मात्र दरवेळी साफ. तीन डॉक्टरांनी "मनाचं आहे" म्हणून सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली चौथ्याने कंटाळून सोमवारी गर्भपिशवीच काढू म्हटलं.

तपासताना सगळेच म्हणत, "पोट सैल सोडा." बाई सोडायच्या, आणि दुखणंही शहाण्यासारखं गप्प बसायचं. मग घरी सासूबाई तयारच. "डॉक्टर दिसला की हिचं थांबतं!"

शनिवारी शेवटचं म्हणून नाशिकच्या गायधनी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या उलटंच बोलल्या. "झोपूनच डोकं उचला, पोट ताठ करा आणि दुखतं तिथे एक बोट ठेवा."

लंकाबाई किंचाळल्याच. बोट नेमकं त्या ऑपरेशनच्या जुन्या टाक्यांवर.

"इथे पोटाच्या स्नायूत नस अडकलीय, पोट ताठ झालं की दाबते. पिशवीचा काही दोष नाही," म्हणत डॉक्टरीणबाईंनी तिथेच बधिरतेचं इंजेक्शन दिलं. "अजून दोनतीनदा लागेल."

दहा मिनिटांनी लंकाबाई हात वर करून छताचे घड विरळू लागल्या.

नवरा गोरक्ष गोंधळला. "मग सोमवारचं ऑपरेशन?"

"ते तुमी करून घ्या," लंकाबाई म्हणाल्या. "पोट तेवढं सैल सोडा!"