उपासाच्या दिवशीची गोळी

बाजारात कमानिया गेटजवळ शिंगाड्याचं पीठ घेऊन राहिलो होतो, तेव्हा शेजारच्या मुन्नीचा फोन आला. "काकाजी, जल्दी घर आइए, काकी गिर गई हैं." नवरात्राची आठवी माळ होती. पिठाची थैली हातात धरूनच दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, प्रेशर वाढलं, डोक्यातली नस फुटली. पुढं पंधरवडाभर ती नुसती पडून होती. बोलली नाही... शेवटपर्यंत.

माझी बायको कमल जाऊन आता दीड महिना होईल. मी चार बुकं शिकलेला, जन्मभर कारखान्यात हातोडा चालवला, लिहिणं माझं काम नाही. पण घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहून राहिलो.

तिला प्रेशर आहे हे मोहल्ल्यात तपासायला येणाऱ्या दीदीनं सांगितलं होतं. रोज सकाळी एक गोळी, बस. कमल घ्यायची बी. पण उपासाच्या दिवशी नाही. सोमवार नाही, चतुर्थी नाही, एकादशी नाही, अन् नवरात्रात तर नावच काढायचं नाही. म्हणे, गोळीत काय कालवतात कोणाला माहीत. मी चिडवायचो, शिंगाड्याची गोळी बनवून आणू का? दीदी समजवायला आली, तर हिनं तिलाच साबुदाण्याची खिचडी खाऊ घालून वाटेला लावलं. तिचं एकच... डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग काहून घेऊ?

यंदा घट बसले त्या दिवशी मी जरा जोरातच बोललो. "उपास माझ्या आयुष्यासाठीच करते न? मग मीच म्हणतो, गोळी घे."

"तुमच्यासाठी आहे, म्हणूनच तर मोडत नाही," ती म्हणाली, अन् गोळ्यांचा पत्ता, अख्खी चकाकती पट्टी, देवीच्या फोटोमागं ठेवून दिला.

बरगीकडचा आमचा जमिनीचा तुकडा दवाखान्यात गेला. गेला तर गेला, बाई तर राहायला पाहिजे होती. जी बीमारी दुखत नाही तिच्यावर आम्ही माणसं खर्च करत नाही. दुखली की मग शेत विकतो. नवरात्राच्या गोळ्या शिंगाड्याच्या पिठाहून सस्त्या होत्या. आता मंदिरात उपासवाली बाई दिसली की मी विचारतो, गोळी घेतली का? बाया हसतात. हसू द्या.

गोळ्यांचा पत्ता अजून फोटोमागंच आहे. दिवा लावताना रोज दिसतो. सोमवारी मी दोन्ही टाइम जेवतो, एकटाच. माझ्यासाठी उपास करणारं आता कोणी नाही... अन् मी तर जिवंतच आहे.