लूम बंद असताना युकुलेले

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. शुक्रवारची सुट्टी सोडली तर तो दोन्ही शिफ्टमध्ये चालतो. लूम चालू असताना शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. बायको वारल्यावर तशी हाक मारणारंही कोणी राहिलं नाही. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिचं कॉलेजातलं युकुलेले कपाटावर राहिलं होतं, ते मी एक दिवस खाली काढलं.

जेमतेम हातभर लांबीचं वाद्य, नायलॉनच्या चार तारा. मोबाइलवरचे धडे पाहून शिकलो. तारा सुरात लावायला वाद्याच्या टोकाला अडकवायचा ट्यूनरचा चिमटा तारेच्या कंपनावर चालतो, त्यामुळे लूमची अडचण आली नाही. स्वतःचं वाजवणं मात्र नीट ऐकू येत नसे. युकुलेले छातीला लावून धरलं की स्वर बरगड्यांत घुमायचा. बोटं बरोबर पडली की ते कानाआधी तिथे कळायचं, आणि मी एकटाच हसायचो.

कारखान्यातला एक कारागीर चहा प्यायला बाहेर आला की खिडकीशी थांबायचा.

"काका, ये बच्चेवाला गिटार है क्या?"

"युकुलेले म्हणतात याला."

"आवाज तो आता नहीं. बजा रहे हो कि खुजा रहे हो?"

बायको मुलीला झोपवताना एक चाल गुणगुणायची. तिला शब्द नव्हते. ती चाल आता आम्हा दोघांनाच माहीत होती आणि मला ती मुलीला वाजवून दाखवायची होती. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर वाजवली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, नुसता लूमच ऐकू येतोय. शुक्रवारी करा ना."

शुक्रवारी सकाळी, तिच्याकडे गुरुवारची संध्याकाळ असताना, मी फोन समोर टेकवून बसलो. गल्ली शांत होती. सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत हात घसरला. पुन्हा धरलं, तर लय पळू लागली. मी शिकलो होतो लूमच्या ठेक्यावर. तो बंद होता, आणि माझ्याकडे स्वतःचा ठेका नव्हता.

"कुठे पळताय बाबा? गाडी सुटतेय का?"

"राहू दे. नंतर बघू."

"नाही. थांबा."

ती याच घरात वाढली होती. तिने फोन टेबलावर ठेवला आणि बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायला सुरुवात केली: खट-खटाक, खट-खटाक. एक आघात हलका, एक जड, मागच्या भिंतीतून येतो तसाच. मी त्यात शिरलो. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. मधली एक जागा मला नेहमी अवघड जायची, तीही निसटली नाही.

तिचा ठेका माझ्यापर्यंत क्षणभर उशिरा येत होता आणि माझी चाल तिच्यापर्यंत आणखी उशिरा जात होती. माझ्या खोलीत दोन्ही जुळत होतं. तिच्या खोलीत चाल सतत ठेक्याच्या मागे पडत असणार.

"आईचीच आहे," ती म्हणाली. मागे पडल्याचं बोलली नाही. मीही विचारलं नाही.