बंद करायला गेली, चालू झालं

विजयमाला ढवळे मूळची जामखेडची. "तुझंच काहीतरी चुकलं असेल" असं कुणी म्हटलं की आधी तिला ते खरंच वाटायचं. पण हेच वाक्य ओळीनं आठ महिने ऐकल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं.

नगरच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती. आरएनएचा एकवीस अक्षरांचा इवलासा तुकडा पेशीत सोडायचा आणि एक जीन गप्प करायचा, एवढंच काम. असे तुकडे जीनकडून निघालेला निरोप वाटेतच तोडतात, हे सगळ्यांना ठाऊक. विजयमालानं ठरवलं, निरोप जिथून सुटतो त्या जीनच्या तोंडाशीच तुकडा जुळवायचा. मुळातच बंद!

तिनं निवडलेला जीन पेशींच्या वाढीला लगाम घालणारा. तो बंद पडला की पेशी भराभर वाढून त्यांची काचेची बशी गच्च भरायला हवी. चौथ्या दिवशी पाहते तर बशी विरळ. मोजलं तर जीन पाचपट जास्त चालू!

तिचे मार्गदर्शक सुमंत सर म्हणाले, "नळ्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा कर."

पुन्हा केलं. तेच. "रसायन जुनं असेल." नवं यायला सहा आठवडे लागले. तेच. "पेशींना संसर्ग झालाय." तपासलं, पेशी स्वच्छ. तिनं तुकड्याची अक्षरं उलटसुलट करून सोडली, तर जीन ढिम्म हलला नाही. खरा तुकडा सोडला की पुन्हा पाचपट.

"अगं, हे तुकडे जीन बंद करतात. चालू कसा करतील?"

"मला काय विचारता सर? पेशींना विचारा!"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. शेवटी तिनं वनस्पतिशास्त्राच्या पंकजा मॅडमना गाठलं. त्यांनी नळ्यांवर नुसते नंबर घातले आणि यादी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. कुठल्या नळीत काय, हे विजयमालालाही कळेना. मोजणी झाल्यावर यादी सरांनीच उघडली. खऱ्या तुकड्याच्या सहाही नळ्यांत जीन पाचपट चालू.

सर दोन दिवस जुने शोधनिबंध चाळत बसले. तिसऱ्या दिवशी हसतच आले. "अगं, हे तर २००६ सालीच छापून आलंय! तुकडा एका प्रथिनाला धरून जीनच्या तोंडाशी बसतो आणि तिथं काम सुरू करवतो. परिणाम उशिरा दिसतो, पण टिकतो. यात नवीन काही नाही."

विजयमालानं त्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "सर, तोच पेपर मी मार्चमध्ये तुमच्या टेबलावर ठेवला होता."

टेबलावरचा ढीग उपसला. तळाशी होता, तिच्या पेन्सिलच्या खुणांसकट. सरांनी चष्मा पुसला, मग आणखी एकदा पुसला. "या जीनवर मात्र कुणी दाखवलेलं दिसत नाही," ते हळूच म्हणाले, आणि प्रबंधाचा विषय बदलायच्या अर्जावर त्यांनी त्याच दुपारी सही केली.

संध्याकाळी आईचा, छबूबाईचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बंद करायला गेलीस आन् चालू झालं, मंग बरंच हाय की! चिडतीस कशापायी?"

"चालू झालं म्हणून न्हाई गं चिडले. आठ महिने माझंच चुकलंय म्हणत हुते."

"मंग तोंडावर सांगायचं की."

"सांगितलं," विजयमाला म्हणाली. "ऐकायला आठ महिने लागले."