श्रीखंडाच्या डब्यातला जोगवा

आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे टाकून द्यायची पद्धत नाही. एकात मोहरी असते, दुसऱ्यात सुई-दोरा, आणि बाकीच्यांत काय असतं ते फक्त आमच्या मंडळींना ठाऊक. त्या मंगळवारी पहाटे ओट्यावरचा एक डबा उचलून मी सायकलच्या पिशवीत टाकला आणि निघालो. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा त्याच्या शेजारीच होता. मी उचलला तो एरवी देवघरात असणारा, हळदी-कुंकवाचा आणि कवड्यांच्या माळेचा. झाकण उघडून बघितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. आता वाटतं, नाही बघितलं तेच बरं झालं.

मूळ गोष्ट मागच्या वर्षीची. माझ्या छातीत कळ आली आणि मला लातूरला दवाखान्यात हलवलं. आत डॉक्टर त्यांचं काम करत होते, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून बायकोनं येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलला: हे धडधाकट घरी आले, तर हातात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागतील. मी घरी आलो आणि महिन्याभरानं मला हे कळलं. मी म्हणालो, "माझ्या नावानं बोलायच्या आधी मला विचारायचं तरी." ती म्हणाली, "तुमी तवा कायबी सांगायच्या हालतीत व्हता का?"

पण परडी घ्यायला जीव धजत नव्हता. मी येडशीच्या शाळेत भूगोल शिकवतो. गल्लीतल्या निम्म्या घरांतली पोरं माझ्या वर्गात. ज्या पोराला सकाळी बाकावर उभं केलं, त्याच्याच दारात संध्याकाळी परडी घेऊन उभं राहायचं, हे माझ्या पचनी पडेना. खरं सांगायचं तर मला कुणाकडं काही मागायचं म्हणजेच जिवावर येतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढून निघून गेला तरी मी दुसरी पोळी मागत नाही, उपाशी उठतो आणि घरी येऊन बायकोवर चिडतो. मंगळवार आला की ती परडीकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा बघायची. मग परडी पुसून परत जागेवर ठेवायची. त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

दवाखान्यातून येताना साखरही सोबत आली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून पुतण्याच्या सल्ल्यानं जाड टायरची, मुरमाच्या रस्त्यावर चालणारी सायकल घेतली. मोठ्या रस्त्यावर ट्रक, आणि हंगामात ढोकीच्या साखर कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर. तिथं बायको मला जाऊ देत नव्हती. मग मी येडशीच्या डोंगरातल्या वाटा शोधल्या. वनखात्याचा मुरमाचा रस्ता, पुढं बैलगाडीची चाकोरी, मग पायवाट. साग, धावडा, पळस. चाकाखाली मुरूम करकरतो, बाजूच्या झाडीतून मोर ओरडतो, बाकी आवाज नाही. शाळेत ज्याला त्याला मी अभिमानानं सांगायचो, "गाडी नाही, हॉर्न नाही, चिटपाखरू नाही." याच वाटेनं येरमाळ्याला जायचं आणि आईशी तडजोड करायची असं ठरवलं. जोगव्याच्या ऐवजी हे कष्ट पदरात घे, म्हणायचं. बदलीचा अर्ज घेऊन साहेबाकडं जातात, तसा मी देवीकडं निघालो होतो.

मंगळवारचा उपवास होता आणि साखर कमी करायची गोळी सवयीनं घेतली होती. लाडू सोबत आहेतच या भरवशावर. डोंगराचा मोठा चढ संपता संपता हात कापायला लागले. दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं पळसाचं एक झाड दोन झालं. साखर उतरतेय हे कळलं. सायकल आडवी टाकून बसलो, घाईनं डबा काढला आणि झाकण उघडलं. हळद, कुंकू, कवड्या.

फोनला रेंज नव्हती. पाणी प्यायलो, पण पाण्यानं काय होणार. जीभ जड झाली होती. ज्या निर्मनुष्य वाटेचं मी इतकं कौतुक करायचो, तिथंच आपण आता आडवे होणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, हे स्वच्छ दिसलं. बायको ओट्यावरचे लाडू बघून काय समजेल, हेही मनात आलं. त्या वेळी मी फार भक्तिभावानं प्रार्थना केली असं लिहायला मला आवडलं असतं. पण तडजोडीची सगळी पाठ केलेली वाक्यं विसरलो होतो. तोंडातून फक्त "आई" एवढंच निघालं. ते देवीला होतं की वारलेल्या माझ्या आईला, तेही सांगता येणार नाही.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. आधी शेरडं, मग त्यांच्यामागं एक म्हातारी, डोक्यावरनं पदर, हातात काठी. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरच्या उघड्या डब्याकडं. चप्पल काढून जवळ आली.

"जोगवा हाय व्हय, बाबा?"

मला बोलता येईना. मान हलली, ती होकारार्थी की कापरं भरल्यामुळं, देव जाणे. तिनं डब्यातल्या कवड्यांना हात लावून कपाळाला लावला, कमरेचं फडकं सोडलं आणि गुळाचा मोठा खडा, मूठभर शेंगदाणे आणि अर्धी भाकरी माझ्या डब्यात वाढली. मी गूळ उचलून तसाच तोंडात टाकला. हळदीसकट.

"हळू खा लेकरा," ती म्हणाली. पन्नाशीतलं, टक्कल पडलेलं हे लेकरू दोन्ही हातांनी शेंगदाणे कोंबत होतं. मी शुद्धीवर येतोय असं बघून तिनं मला नीट न्याहाळलं. "अर्ध्या चड्डीवर जोगवा मागतूस? आन् डोक्यावर ही कढई कशापायी?"

हेल्मेट काढलं. घाम पुसला. हात कापायचे थांबले होते. आता खोटेपणा नको म्हणून मी म्हणालो, "माय, मी जोगव्याला आलो नव्हतो. मला भूक लागली होती."

"मग जोगवा कशापायी मागत्यात?" असं म्हणून ती हसली. मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "आमचं खोपाट ह्या रानात. गावातल्या बायांच्या दारात मंगळवारी आराधी येत्यात, उदो उदो करत्यात. माझ्या दारात कोण यायचं, बाबा? लई वर्सं मनात व्हतं. आज आईनं धाडलं बघ तुला."

इतका वेळ मला वाटत होतं, आईनं हिला माझ्यासाठी धाडलं.

मला नीट उभं राहता येईपर्यंत ती शेरडं राखत तिथंच बसली. उरलेली वाट मी सायकल हातात धरूनच उतरलो. येरमाळ्याला आईपुढं उभा राहिलो, तेव्हा बोलायचं काही शिल्लकच नव्हतं. मी कष्ट पदरात घे म्हणायला निघालो होतो. वाटेत माझ्याच पदरात वाढलं गेलं होतं, तेही न मागता. हा चमत्कार होता की शेरडं चरायची वेळ, यावर मी वाद घालणार नाही. पण हात रिकामे असल्याचं कबूल केल्याखेरीज त्यांत कुणी काही घालत नाही, एवढं मला त्या दिवशी उमगलं. आणि घेणाऱ्यानं हात पुढं केला, तर देणाऱ्याचीही कित्येक वर्षांची इच्छा पुरी होते.

येताना एका भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून घरी आलो. बायको दारातच उभी होती, हातात लाडवांचा डबा. मी काही न लपवता सगळं सांगितलं आणि हळदीनं पिवळा झालेला भाकरीचा उरलेला तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो देवघरात ठेवला, हात जोडले. मग पदरानं डोळे पुसून परडी खाली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"एक घर झालं," ती म्हणाली. "चार ऱ्हायली. ती गल्लीतच हायत, सायकल लागायची न्हाय."